पिशव्या एकशेवीस, चाळी पंधरा: क्रुस्कल-वॉलिस लावण्याआधी आणि लावल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली एक कृषी पदव्युत्तर विद्यार्थिनी उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर प्रबंध लिहिते आहे. निफाड आणि चांदवड तालुक्यांत तिने कांदा साठवायच्या तीन प्रकारच्या चाळी निवडल्या: जमिनीलगतची जुनी चाळ, तळातून हवा खेळणारी एकपाखी चाळ आणि तशीच दुपाखी चाळ. प्रत्येक प्रकारच्या पाच. प्रत्येक चाळीत ढिगाच्या वेगवेगळ्या जागी आठ जाळीच्या पिशव्या पुरून ठेवल्या. चार महिन्यांनी त्या बाहेर काढून वजनातली घट, सड आणि कोंब धरून एकूण नुकसान टक्क्यांत मोजलं. असे १२० आकडे झाले. शापिरो-विल्क चाचणीत डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या वितरणाचा) निघाला नाही, म्हणून गाइडनी क्रुस्कल-वॉलिस, म्हणजे आकड्यांच्या क्रमांकांवरून अनेक गट ताडणारी चाचणी, लावायला सांगितलं. पी-व्हॅल्यू, म्हणजे गटांत खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी आली. मग तिन्ही जोड्यांना मॅन-व्हिटनी, म्हणजे दोन गटांसाठीची तशीच चाचणी, लावली, तर तिन्ही जोड्या सिग्निफिकंट (पी ०.०५ पेक्षा कमी). ती विचारते: हे बरोबर आहे का, आणि ‘तिन्ही प्रकारच्या चाळींच्या मध्यकांत लक्षणीय फरक आढळला’ असं लिहू का? (मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा.)

नाही, असं लिहू नका. चाचणीची निवड चुकली म्हणून नव्हे. चाचणीला जे आकडे दिलेत ते चुकीचे आहेत, म्हणून.

क्रुस्कल-वॉलिस तुम्हाला एकाच अटीतून सोडवते, डेटा नॉर्मल असण्याच्या. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजेत ही अट तशीच्या तशी राहते, आणि ती मोडली तर ही चाचणी अनोव्हाइतकीच, म्हणजे गटांच्या सरासऱ्या ताडणाऱ्या नेहमीच्या चाचणीइतकीच, कोसळते. गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये प्रबंधांचे आकडे बघतोय, शेतीचे आणि वैद्यकीयही. ‘नॉन-पॅरामेट्रिक’ म्हटलं की कुठलीच अट नाही, असा समज मुलांमध्ये घट्ट बसलेला दिसतो. तो कुठून येतो तेही कळतं. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात डावीकडे ‘नॉर्मल असेल तर’, उजवीकडे ‘नसेल तर’ एवढंच असतं, आणि स्वातंत्र्याची अट आधीच्या कुठल्यातरी पानावर राहून जाते.

तुमच्या एका चाळीतल्या आठ पिशव्या घ्या. त्यांच्यावर छप्पर एकच, कांदा एकाच वावरातला, काढणीनंतर पात सुकवण्याची पद्धत एकाच शेतकऱ्याची, वाराही त्याच बाजूचा. ऑगस्टच्या झडीत त्या चाळीचा पत्रा गळला तर आठही पिशव्यांत सड वाढणार. म्हणजे हे आठ साक्षीदार एकाच माणसाचं ऐकून आलेले आहेत. चाचणी मात्र त्यांना आठ वेगळे साक्षीदार धरते. समजा, एका चाळीतल्या पिशव्यांमधला परस्परसंबंध ०.५ आहे. एकाच जागेतल्या मोजमापांसाठी हे फार जास्त नाही. अशा वेळी माहिती किती पट फुगली ते १ + (८ − १) × ०.५ म्हणजे ४.५ असं निघतं. १२० ला ४.५ ने भागा, साधारण २७. कागदावर १२० आकडे दिसत असले तरी त्यांचं मोल २७ स्वतंत्र आकड्यांएवढंच आहे. तुमची ती ०.००१ ची पी-व्हॅल्यू बऱ्याच अंशी यातूनच आली आहे.

चाळीचा प्रकार हा ‘उपचार’ तुम्ही पिशवीला दिलेला नाही, चाळीला दिला आहे. म्हणून तुलनेचं एकक चाळ. आठ पिशव्यांची सरासरी काढा, प्रत्येक चाळीचा एक आकडा करा. एकूण पंधरा, गटात पाच-पाच. एवढी मेहनत करून १२० वजनं घेतली आणि उरले पंधराच, याचं वाईट वाटेल. पण त्या आठ पिशव्या वाया गेलेल्या नाहीत; त्यांच्यामुळेच प्रत्येक चाळीचा आकडा भरवशाचा झाला. पिशवी-पातळीची माहिती राखायचीच असेल तर चाळीला यादृच्छिक घटक धरून मिक्स्ड मॉडेल करता येतं. पण प्रत्येक चाळीत पिशव्या सारख्याच असताना चाळ-प्रकारांच्या तुलनेपुरतं उत्तर सरासरी घेऊन येतं तेच येतं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत समजावून सांगता येईल अशी पद्धत निवडा, म्हणजे सरासरी.

शापिरोबद्दलही बोलायला हवं, कारण सगळा निर्णय तुम्ही तिच्यावर टाकला आहे. १२० आकडे एका रकान्यात टाकून चाचणी लावली असेल तर ती ‘नॉर्मल नाही’ म्हणणारच. तीन गटांचे मध्य वेगळे असतील तर प्रत्येक गट आतून नॉर्मल असूनही एकत्र ढीग वेडावाकडा दिसतो. बघायचं असतं ते गटाची सरासरी वजा केल्यावर जे उरतं त्याचं वितरण. आणि गटात पाचच आकडे असताना शापिरोला बोलण्याइतकं बळच नसतं. ती बहुतेक वेळा ‘हरकत नाही’ म्हणते. उलट हजारो आकडे असले की नगण्य विचलनावरही ती बोट ठेवते. म्हणजे गरज असते तेव्हा ती गप्प, आणि गरज नसते तेव्हा बोलते. त्यामुळे चाचणीवर चाचणी रचत बसू नका. डेटा कुठल्या जातीचा आहे त्यावरून ठरवा. साठवणुकीतलं नुकसान शून्याच्या खाली जात नाही, बहुतेक चाळी एका पट्ट्यात राहतात आणि एखादी चाळ पार बिघडते. उजवीकडे शेपूट असणार हे आधीच माहीत आहे, आणि नमुना छोटा आहे. क्रमांकांवर आधारलेली चाचणी घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. वेलींवरच्या भुरी किंवा केवडा रोगाचा ० ते ४ असा गुणांक दिला असेल, वेदनेचे गुण असतील, तिथे तर आकड्यांमधलं अंतरच अर्थपूर्ण नसतं. तिथे क्रमांक हाच खरा डेटा.

आता चाचणी हाताने करून बघू. सॉफ्टवेअरच्या आत काय होतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत. आकडे तुमचे नाहीत, समजावण्यापुरते घेतले आहेत. नुकसान टक्क्यांत, प्रत्येक आकडा एका चाळीचा.

जुनी चाळ: ३१, ३४, ३८, ४२, ६१
एकपाखी: २२, २५, २७, २९, ३३
दुपाखी: २४, २६, २८, ३६, ४०

पंधराही आकडे एका ओळीत चढत्या क्रमाने लावा आणि १ ते १५ क्रमांक द्या. जुन्या चाळींना ८, १०, १२, १४, १५ मिळतात, बेरीज ५९. एकपाखींना १, ३, ५, ७, ९, बेरीज २५. दुपाखींना २, ४, ६, ११, १३, बेरीज ३६. तिन्ही बेरजा मिळून १२० झाल्या पाहिजेत, कारण १ ते १५ ची बेरीज १२० असते. हा ताळा प्रत्येक वेळी घ्या. गटागटांत काहीच फरक नसता तर प्रत्येकाची बेरीज ४० च्या आसपास राहिली असती. प्रत्यक्षातल्या बेरजा ४० पासून किती लांब गेल्या तेच एच हा आकडा मोजतो. प्रत्येक बेरजेचा वर्ग करून गटातल्या संख्येने भागा, सगळे मिळवा: ५४०२ भागिले ५, म्हणजे १०८०.४. त्याला १२ ने गुणून १५ × १६ म्हणजे २४० ने भागा, ५४.०२ येतील. त्यातून ३ × १६ म्हणजे ४८ वजा करा. एच = ६.०२.

गट तीन, म्हणून मुक्ततेचे अंश दोन. काय-वर्ग तक्त्यात ५ टक्के पातळीला सीमा ५.९९१. आपण तिच्या जेमतेम पलीकडे आहोत. गट तीनच असले की तक्त्याचीही गरज नसते: ई (२.७१८) चा उणे एच-भागिले-दोन इतका घात काढला की पी मिळते, इथे ०.०४९. छोट्या नमुन्यात काय-वर्ग हा अंदाज असतो. सगळ्या शक्य मांडण्या मोजून काढलेली अचूक पी इथे याहून थोडी कमी येते. गटात पाचपर्यंत आकडे असतील तर अचूक किंवा पुनर्मांडणीने (आकडे गटांत पुन्हा पुन्हा यादृच्छिक वाटून) काढलेली पी मागा. आर आणि एसपीएसएस या दोन्ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. एक्सेलमध्ये ही चाचणी तयार मिळत नाही, पण RANK.AVG हे सूत्र वापरून क्रमांक काढता येतात आणि बाकीचं गणित वर दिलंय तेवढंच आहे.

सारखे आकडे आले तर त्या जागांच्या क्रमांकांची सरासरी सगळ्यांना द्यायची आणि एचला दुरुस्ती करायची. टक्केवारीत हे क्वचित लागतं. भुरीच्या गुणांकात, जिथे साठ वेलींपैकी निम्म्यांवर शून्यच असतं, तिथे ही दुरुस्ती मोठी असते. सॉफ्टवेअर ती आपोआप करतं. हाताने करणारे मात्र बहुतेक वेळा विसरतात.

आता त्या ६१ कडे बघा. त्याच्या जागी ९१ टाका. क्रमांक पंधरावाच राहतो, एच ६.०२ च राहतो. याच आकड्यांवर अनोव्हा केला तर ६१ असताना एफ हा त्याचा आकडा ३.८८ येतो, ५ टक्क्यांच्या सीमेला अगदी टेकलेला. ९१ केल्यावर तो २.५० वर घसरतो. जुन्या चाळींची सरासरी वाढली, इतरांशी अंतर वाढलं, तरी पुरावा कमकुवत झाला, कारण त्या एका चाळीने गटातला विखुरलेपणा इतका फुगवला की फरक त्यात बुडाला. क्रमांकांच्या चाचणीचं खरं बळ इथे आहे. आणि हे बळ फारसं महागही पडत नाही: डेटा खरोखर नॉर्मल असला तरी मोठ्या नमुन्यात क्रुस्कल-वॉलिसची कार्यक्षमता अनोव्हाच्या ९५.५ टक्के राहते, म्हणजे ३ भागिले पाय. गटांमध्ये फक्त सरकण्याचाच फरक असेल तर वितरण कुठलंही असो, ती ८६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही. हॉजेस आणि लेहमन यांनी हे १९५६ मध्ये दाखवलं.

पण म्हणून ६१ कडे दुर्लक्ष करू नका. त्या चाळीवर पुन्हा जा. कांदा ओला असतानाच भरला होता का, पत्रा गळत होता का, थर जास्त उंच होता का, ते विचारा. चाचणीला तो फक्त ‘शेवटचा’ वाटतो, शेतकऱ्याचा मात्र त्यात अर्ध्याहून जास्त माल गेला आहे. तुमचा प्रश्न ‘अमुक प्रकारच्या चाळीत एकूण किती क्विंटल कांदा वाचेल’ असा असेल तर उत्तर सरासरीतूनच निघतं, क्रमांकांतून नाही. अशा वेळी सरासरीच घ्या आणि तिची पी पुनर्मांडणीने काढा. किंवा गटांतला विखुरलेपणा वेगवेगळा असेल तर वेल्चची अनोव्हा करा. कुठली चाचणी चालते याआधी कुठला प्रश्न विचारायचा आहे ते ठरवायला हवं. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, आणि मला मनापासून वाटतं की प्रबंधाचा पहिला महिना यावरच गेला तरी चालेल.

पुढचा टप्पा: एच सिग्निफिकंट आला, मग कोण कोणापेक्षा वेगळा? एच एवढंच सांगतो की सगळे गट सारखे नाहीत. तुम्ही तीन जोड्यांना तीन वेगळ्या मॅन-व्हिटनी लावल्या आणि प्रत्येक पी ०.०५ शी ताडली. इथे दोन गोष्टी हुकतात. पहिली सगळ्यांना माहीत असते: तुलना वाढल्या की खोटा फरक सापडण्याची शक्यताही वाढते, तेव्हा दुरुस्ती हवी. दुसरी सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक मॅन-व्हिटनी त्या दोन गटांपुरते नव्याने क्रमांक लावते. त्यामुळे तीन निकाल तीन वेगळ्या मोजपट्ट्यांवर येतात, आणि ‘अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, पण क हा अ पेक्षा मोठा’ असं चक्रही तयार होऊ शकतं. ऑलिव्ह जीन डन यांनी १९६४ मध्ये दिलेली पद्धत क्रुस्कल-वॉलिसमध्ये लावलेले तेच सामाईक क्रमांक वापरते, त्यामुळे मूळ चाचणीशी तिचा धागा तुटत नाही.

आपल्या आकड्यांवर करू. क्रमांकांच्या सरासऱ्या ११.८, ५.० आणि ७.२. प्रत्येक गटात पाच-पाच असल्याने कुठल्याही दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी एकच: १५ × १६ भागिले १२, गुणिले ०.४, त्याचं वर्गमूळ. म्हणजे ८ चं वर्गमूळ, २.८३. जुनी विरुद्ध एकपाखी: ६.८ भागिले २.८३, झेड २.४०, पी ०.०१६. जुनी विरुद्ध दुपाखी: झेड १.६३, पी ०.१०४. दोन नव्या चाळी एकमेकींविरुद्ध: झेड ०.७८, पी ०.४४. आता अनेक तुलनांसाठीची होमची दुरुस्ती, १९७९ ची. सगळ्यात छोट्या पीला तीनने गुणा, पुढच्या पीला दोनने, शेवटचीला एकने. ०.०४९, ०.२१, ०.४४. बॉनफेरोनी सगळ्यांनाच तीनने गुणते. होम तिच्याइतकीच सुरक्षित आहे आणि तिच्यापेक्षा कधीच कमी पकडत नाही, त्यामुळे बॉनफेरोनी घेण्याचं कारण मला दिसत नाही. एसपीएसएसच्या नव्या खिडकीत जोड्यांची तुलना मागितली की डनच येते, पण दुरुस्ती बॉनफेरोनीची असते, हे ध्यानात ठेवा.

१२० पिशव्यांवर तिन्ही जोड्या वेगळ्या दिसत होत्या. पंधरा चाळींवर, निदान या नमुन्याच्या आकड्यांत, एकच जोडी उरते आणि तीही काठावर. तुमच्या खऱ्या आकड्यांत काय होईल ते करून बघा, पण तयारी याची ठेवा.

डनवरही एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: अ आणि ब यांच्या तुलनेत क गटाचे आकडेही क्रमांकांवर परिणाम करतात. तुमचे गट सारख्या आकाराचे आहेत, त्यामुळे मी डनच घेईन. पण गटांचा विखुरलेपणा फारच वेगळा असेल, एका गटात सगळे आकडे चिकटलेले आणि दुसऱ्यात पसरलेले, तर जोडीजोडीने ब्रुनर-मुंझेल चाचणी, २००० सालची, आणि वर होम, ही वाट जास्त चांगली. गट अगदी छोटे असतील तर तिचीही पुनर्मांडणीची आवृत्ती घ्या. एकच गोष्ट पाळा: आधी ठरवा आणि लिहून ठेवा. सगळ्या पद्धती लावून त्यातली सोयीची निवडणं म्हणजे आकड्यांशी बेइमानी आहे.

आता ‘मध्यकांत फरक’ या शब्दप्रयोगाकडे येऊ. प्रबंधांत हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस यांनी १९५२ मध्ये ही चाचणी मांडली. त्याआधी १९४५ मध्ये कीटकनाशकांवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांनी आणि १९४७ मध्ये मॅन व व्हिटनी यांनी दोन गटांसाठी जी कल्पना मांडली होती तीच इथे अनेक गटांपर्यंत नेली आहे. ती विचारते: एका गटातला आकडा यादृच्छिक उचलला, दुसऱ्यातला उचलला, तर पहिला मोठा असण्याची शक्यता निम्म्याहून वेगळी आहे का? मध्यक तिच्या गणितात कुठेच नाही. तिन्ही गटांच्या वितरणाचा आकार अगदी सारखा असेल, एक दुसऱ्याच्या पुढे नुसता सरकलेला असेल, तरच तो निष्कर्ष मध्यकांवर नेता येतो.

हे नुसतं तात्त्विक नाही. दोन गट घ्या: २८, २९, ३०, ५०, ६० आणि ५, १०, ३०, ३१, ३२. दोघांचाही मध्यक ३०. तरी पंचवीस जोड्या लावल्या आणि बरोबरीला अर्धा धरला तर पहिला गट १६.५ जोड्यांत वरचढ ठरतो, म्हणजे ६६ टक्के. याच ढंगाचे आकडे भरपूर असले तर चाचणी सिग्निफिकंट येईल आणि मध्यक मात्र सारखेच राहतील. मध्यक सारखे असूनही ही शक्यता ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. साठवणुकीच्या डेटात आकार वेगळे असण्याचीच भीती जास्त आहे, कारण वाईट चाळी नुसत्या वाईट नसतात, त्यांच्यातली तफावतही मोठी असते. पाच-पाच ठिपके काढून बघा. बॉक्स-प्लॉट नको, पाच आकड्यांचा बॉक्स काही सांगत नाही. साधे ठिपके.

मग लिहायचं काय? शक्यताच लिहा, ती कोणालाही कळते. वरच्या आकड्यांत जुनी आणि एकपाखी यांच्या २५ जोड्यांपैकी २४ मध्ये जुन्या चाळीत नुकसान जास्त आहे, ९६ टक्के. जुनी आणि दुपाखीत २५ पैकी २०. दुपाखी आणि एकपाखीत २५ पैकी १६ मध्ये दुपाखीत जास्त. पिंपळगावच्या बाजार समितीत बसलेल्या शेतकऱ्याला पी-व्हॅल्यू समजावत बसण्यापेक्षा ‘पंचवीसपैकी चोवीस वेळा’ सांगा, तो लगेच पुढचा प्रश्न विचारेल. सोबत फरकाचा आकडाही द्या: दोन गटांतल्या सगळ्या जोड्यांचे फरक काढून त्यांचा मध्यक, म्हणजे हॉजेस-लेहमनचा अंदाज. जुनी वजा एकपाखी तो ११ टक्के-बिंदू येतो. एकूण परिणामासाठी एच भागिले एकूण संख्या वजा एक, इथे ६.०२ भागिले १४, ०.४३. तो परीक्षकांसाठी द्या. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही.

नमुना किती छोटा चालतो, हाही प्रश्न तुमच्या वर्गातले विचारतील. गटात दोन-दोन असे तीन गट घेतले तर मांडण्या ९० होतात आणि सगळ्यात टोकाच्या सहा, म्हणजे अचूक पी ०.०६७ पेक्षा खाली जाऊच शकत नाही. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच निकाल ठरलेला. तीन-तीन असतील तर १६८० मांडण्या, पी ०.००३६ पर्यंत उतरू शकते. पण त्यानंतर जोड्यांना मॅन-व्हिटनी लावली तर तीन विरुद्ध तीनमध्ये मिळू शकणारी सगळ्यात कमी पी ०.१०. एकूण चाचणी ठामपणे ‘फरक आहे’ म्हणते आणि एकही जोडी सापडत नाही, हे कोडं घेऊन मुलं येतात. त्यात कोडं काहीच नाही, आकडेच कमी आहेत. चार गट असतील तर जोड्या सहा आणि बॉनफेरोनीची सीमा ०.००८३, चार विरुद्ध चारमध्ये मिळू शकणारी सगळ्यात कमी पी ०.०२९. म्हणजे तिथेही अशक्य. पाच-पाच हा किमान उंबरठा समजा, तुम्ही त्यावर आहात.

काही ठिकाणी क्रुस्कल-वॉलिस लावूच नये, आणि त्या जागा आपल्याकडे नेहमी येतात. शेतातला प्रयोग आरबीडीने (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळे उपचार) मांडला असेल, तर प्रत्येक ब्लॉकमधले प्लॉट एकमेकांशी बांधलेले असतात. तिथे फ्रीडमनची चाचणी, १९३७ ची, जी प्रत्येक ब्लॉकच्या आत क्रमांक लावते. आरबीडी मांडायचा आणि विश्लेषणात ब्लॉक विसरायचा, हे फार होतं. तुम्हीही दर महिन्याला वजनं घेतली असतील तर ३०, ६०, ९० आणि १२० दिवसांचे आकडे चार गट नाहीत, त्याच चाळी चारदा मोजल्या आहेत. प्रत्येक चाळीचा एक सारांश काढा, शेवटचं नुकसान किंवा दरमहा वाढीचा वेग, आणि त्यावर चाचणी लावा. लासलगाव, पिंपळगाव आणि येवल्याचे रोजचे कांदा दर तीन स्वतंत्र गट म्हणून तपासलेलेही मी पाहिले आहेत. एकाच दिवशी तिन्ही बाजार एकत्र चढतात-उतरतात आणि आजचा दर कालच्याला धरून असतो. तिथे दिवसागणिक फरक घ्यायला हवा, आणि तोही काळाची साखळी लक्षात ठेवून.

गटांना नैसर्गिक क्रम असेल, उदाहरणार्थ काढणीआधी पाणी ५, १० आणि १५ दिवस तोडलं, तर क्रुस्कल-वॉलिस चालते पण क्रमाची माहिती फुकट घालवते. योंखेरे-टर्पस्ट्रा चाचणी घ्या. मात्र क्रम आकडे बघण्याआधी ठरलेला हवा. तुमच्या तीन चाळ-प्रकारांना असा क्रम नाही.

एक गोष्ट मात्र कुठलीच चाचणी सोडवणार नाही. नवी चाळ बांधणारा शेतकरी बहुतेक वेळा पातही नीट सुकवतो, जोड आणि डेंगळे कांदे निवडून बाजूला काढतो, वाणही जपून निवडतो. नुकसान कमी झालं ते चाळीमुळे की शेतकऱ्यामुळे? तुम्ही चाळी वाटून दिलेल्या नाहीत, आहेत त्या निवडल्या आहेत. पंधराही चाळींत एकच वाण होतं का, भरण्याची तारीख किती पुढे-मागे होती, सुकवणी किती दिवस झाली, हा तक्ता निकालांच्या आधी द्या. शक्य असतं तर प्रत्येक शेतकऱ्याचा कांदा तिन्ही प्रकारच्या चाळींत थोडा-थोडा ठेवायला हवा होता. पुढच्या हंगामात कोणी हे काम पुढे नेणार असेल तर त्याला हेच सांगा. तेव्हा चाचणीही फ्रीडमन होईल.

निकालाचा परिच्छेद साधारण असा होईल, आकडे तुमचे घाला आणि एचची पी अचूक पद्धतीची: ‘प्रत्येक चाळीतील आठ पिशव्यांची सरासरी हे विश्लेषणाचे एकक धरले. तीन प्रकारांतील १५ चाळींच्या नुकसानीची तुलना क्रुस्कल-वॉलिस चाचणीने केली (एच = ६.०२, मुक्ततेचे अंश २, पी = ०.०४९). डन चाचणी व होम दुरुस्तीनुसार जुन्या चाळींमधील नुकसान एकपाखी चाळींपेक्षा जास्त आढळले (दुरुस्त पी = ०.०४९, २५ पैकी २४ जोड्यांत जास्त, अंदाजित फरक ११ टक्के-बिंदू). इतर दोन जोड्यांबाबत या नमुन्यातून निष्कर्ष काढता आला नाही.’ शेवटचं वाक्य ‘फरक नाही’ असं करू नका. पाच चाळींवरून ‘फरक नाही’ सिद्ध होत नाही. जुनी-दुपाखी जोडीत तर २५ पैकी २० वेळा जुनीत नुकसान जास्त आहे.

१२० पिशव्यांचा पूर्ण तक्ता परिशिष्टात द्या, चाळीच्या क्रमांकासह. गाइडना दाखवताना आधी ठिपक्यांचं चित्र समोर ठेवा, मग चाचणी. अचूक पीसाठी आरमध्ये काही अडलं तर तुमचा पंधरा आकड्यांचा तक्ता इथेच टाका, शेतकऱ्यांची नावं आणि गावं वगळून; मी करून दाखवतो.